गवळ्यायचे गोठे

आज नागपूरलगतच्या आमच्या वाडीत अमरावती रोडच्या दोन्ही अंगांना गोदामं आणि ट्रकांच्या रांगा आहेत. आज्याच्या बोलण्यातली वाडी म्हणजे मात्र ढोरं चारायचा मुलूख. लाव्याच्या टेकड्यांतून निघणारं नाग नदीचं पाणी आणि काटोल रोडकडचा मुरमाड माळ. त्या माळावर मोठमोठे धोंडे गोल मांडलेले. ‘‘गवळ्यायचे गोठे होत थे,’’ आजा सांगे. ‘‘राती ढोरं आत कोंडत.’’ त्या गोलात बसून शिदोरी सोडायची नाही, असा त्याचा दंडक होता. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

ती जुनापाणीची शिळावर्तुळं. तिथं अशी सुमारे तीनशे आहेत. गवळ्यांची ही दंतकथा एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही ऐकून टिपून ठेवली आहे. 1961-62 साली पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी तीन वर्तुळं खणली, तेव्हा आत निघाली ती मढ्यासोबत पुरलेली भांडी, लोखंडी हत्यारं आणि घोड्याच्या जातीच्या जनावराची हाडं. म्हणजे ही अडीच हजार वर्षांहून जुनी थडगी. आज्याची गोष्ट चुकली, पण त्याचा दंडक बरोबर निघाला.

या दगडांपायी एक जीवही गेला आहे. नागपुरात ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप, मिशनरी आणि भूगर्भाचे जाणकार, 4 सप्टेंबर 1863 रोजी इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्यासोबत टाकळघाटची वर्तुळं उकरून पाहायला गेले होते. परतताना ते वाटेतल्या शाळेसाठी मागं थांबले. तिन्हीसांजेला एकटेच घोड्यावरून निघाले आणि फुगलेल्या नाल्यात बुडाले. भादव्यातला नाला कसा अचानक चढतो, ते आमच्याकडच्या कोणालाही सांगावं लागत नाही.

त्याच टाकळघाटला 1968-69 मध्ये डॉ. शां. भा. देवांनी नागपूर विद्यापीठातर्फे उत्खनन केलं. वर्तुळं खणली खाप्याला आणि वस्तीची पांढर टाकळघाटला. मग माहुरझरी. तिथं घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे दागिने मिळाले. धन्यासोबत त्याचा घोडाही पुरलेला! पेंच नदीकाठच्या नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली, भात्याच्या मातीच्या नळ्यांसकट.

मला खरी ओढ आहे ती घरांची. थडगी शेकड्यांनी दिसतात, वस्त्या मोजक्याच. माझ्या मते याचं एक मोठं कारण जमिनीत आहे. थडगी माळावर, जिथं नांगर चालत नाही. घरं मात्र नदीच्या अंगाची, काळ्या मातीतली, कुडाची आणि लाकडी मेढींची. नैकुंडला अशा गोल घरांच्या मेढींचे खड्डे मिळाले म्हणून ती कळली तरी. बाकीची पिढ्यान्‌पिढ्या वखराखाली गेली. काही लोक वर्षाचा काही काळ गुरांमागं हिंडत असावेत, असंही देवांसारख्या अभ्यासकांनी मांडलं आहे. तसं असेल तर आज्याच्या गवळ्यांना अगदीच खोटं कसं म्हणायचं?

आता माळावर लेआउट पडताहेत. धुऱ्याला, पायव्याला धोंडे उचलून नेले जातात, मुरूम खणून गाड्या भरतात. धोंडा निदान डोळ्यांना दिसतो, गेला तर कोणी ओरडतं तरी. वस्तीची खूण म्हणजे वखरताना निघालेलं काळं-तांबडं खापर. ते कोणत्या वावरात निघतं, हे ज्यांनी बैलांनी शेती केली त्या म्हाताऱ्यांनाच ठाऊक. म्हणून मी आता गावोगाव पारावर बसतो आणि गोठ्यांविषयी नाही, खापरांविषयी विचारतो. ‘‘नाल्याच्या वरच्या अंगाला, बोरीखालच्या वावरात, पायलीभर निघत,’’ असं कोणी म्हणालं की वहीत वावराचं नाव, नाल्याचं नाव आणि सांगणाऱ्याचं वय लिहून घेतो. जाणता गडी सोबत आला, तर त्याच दिवशी वावर बघून येतो. पुढच्या हंगामात तिथं प्लॉट पडलेले असू शकतात.