खाणावळीचे ताट

कौंडण्यपुराचे नाव निघाले की भीष्मकाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर आपल्या मनात उभे राहते. मोरेश्वर दीक्षितांनी या भूमीत उत्खनन केले आणि त्याचा वृत्तांत १९६८ साली प्रसिद्ध झाला. पण राजवाड्याचा इतिहास पुष्कळ सांगून झाला; आज चुलीचा थोडा सांगावा, असे आम्हांस वाटते.

येथून पंढरपुरास निघणाऱ्या पालखीतील वारकरी वाटेतल्या गावांच्या पंगतीत जेवतो. तेथे तो पाहुणा असतो. खाणावळीत मात्र माणूस पैसे मोजतो, तरीही त्याला घरच्यासारखे वाढलेले हवे असते. हे नाते नवे आहे, शहराने निर्माण केलेले.

पॅरिसचा दाखला घ्या. १८७०-७१ च्या युद्धानंतर आल्सास प्रांत जर्मनीकडे गेला, तेव्हा पुष्कळ लोक तिकडून राजधानीत आले आणि त्यांच्यापैकी काहींनी ‘ब्रासरी’ काढल्या. शब्दाचा मूळ अर्थ बिअर गाळण्याची जागा. पुढे तेथे दिवसभर साधे जेवण मिळू लागले. मुलुख सुटलेल्या माणसांनी परक्या शहरात आपल्या चवीचे ताट मांडले, एवढेच आपल्या कामाचे.

मुंबईत हेच वेगळ्या रीतीने घडले. १८५६ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली. वऱ्हाडचा कापूस पुढे तिकडे जाऊ लागला आणि कोकणातून, घाटावरून माणसे गेली. बायकामुले गावीच राहिली. या एकट्या पुरुषांना चाळीतल्या एखाद्या बाईने आपल्या खोलीत दोन वेळ जेवू घालावे आणि पगार झाला की महिन्याचे पैसे घ्यावेत, अशी ही खाणावळ. पाटी नाही, गल्ला नाही. कामाची पाळी बदलली की चुलीची वेळही बदलायची.

हे चित्र गोड वाटते, पण ते तेवढेच नाही. गावकी आणि जात पाहूनच ताट मांडले जाई. गिरणीत तरी निराळे काय होते? विणखात्यात अस्पृश्यांना काम मिळत नसे. धाग्याला तोंड लावावे लागते म्हणून विटाळ! डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला. उपाहारगृहात कोणासही जातीवरून अडवता येणार नाही, हे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने १९५० साली लिहून ठेवले. फ्रेंच माणसाला फक्त टेबल निवडायचे होते. आपल्याला आधी पंगतीत शिरायचे होते. आमच्या मते खाणावळीच्या इतिहासातले खरे पान हेच होय.

दुसरे पान उधारीचे. संप झाला की जेवणाऱ्याचा पगार थांबे, भूक थांबत नसे. बाई वाढतच राही आणि वाण्याचे देणे चढत जाई. १९७४ च्या बेचाळीस दिवसांच्या संपात असेच झाले. संपकऱ्यांचे त्याग आपण ऐकले. त्यांना जेवू घालणारीचे नाव कोणत्या फलकावर होते? प्रेमा पुरव यांनी ते ओळखले आणि १९७५ साली या बायकांना एकत्र आणून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले. सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांना मिळू लागले. तारण ठेवायला त्यांच्यापाशी भांडीकुंडी आणि एकमेकींचा शब्द, यांखेरीज फारसे काही नव्हते.