दिनविशेष : २० मार्च

१९७१ : पोलिश कवयित्री व अनुवादक वांदा डिनोव्स्का यांचे म्हैसूर येथे निधन. १९३५ मध्ये त्या भारतात आल्या. १९३९ मध्ये पोलंडवर आक्रमण झाले आणि त्यांच्या परदेशी वास्तव्याला निर्वासनाचे रूप आले. गांधीजींच्या सहवासात त्या ‘उमादेवी’ म्हणून ओळखल्या जात. भगवद्गीता त्यांनी पोलिश भाषेत नेली. १९४४ मध्ये मद्रासला मॉरिस फ्रिडमन यांच्यासह पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली. औंध संस्थानच्या स्वराज्य प्रयोगात सहभागी असलेले आणि निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे जगापुढे नेणारे फ्रिडमन ते हेच. ग्रंथमाला सुरू झाली त्याच काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. उत्तरायुष्यात उमादेवी तिबेटी निर्वासितांच्या मुलांसाठी झटल्या. मराठी वाचकांना त्यांचे नाव अजून अनोळखीच आहे, याची खंत वाटते.