बिनशब्दांच्या चिन्हांचा भ्रम

अ‍ॅप घडवणाऱ्या मंडळींत एक मत सिद्धांताच्या थाटात मांडले जाते: चिन्ह चांगले असेल तर त्याखाली शब्द लागत नाही. या मताला मी हलके लेखत नाही. त्याचे समर्थक तीन कारणे देतात. चित्राला भाषेची आणि साक्षरतेची अट नाही. मोबाइलच्या पडद्यावर जागा तोकडी, त्यात मराठी शब्द लांब. शिवाय माणूस दोन-चार दिवसांत चिन्हे शिकतोच. दाखला म्हणून ते निवडणूक चिन्हांकडे बोट दाखवतात. १९५१-५२ साली बहुसंख्य मतदारांना वाचता येत नसतानाही या देशाने चित्रांच्या आधारे पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडली. याहून मोठा पुरावा कोणता हवा?

दाखला खरा आहे. निष्कर्ष चुकीचा आहे.

त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी होती आणि पेटीवर त्याचे चिन्ह होते. बैलजोडीचे चित्र पाहून काँग्रेसचे धोरण कुणाला कळले काय? बैलजोडी म्हणजे बैलजोडीच. ती कुणाची, हे सभांतून, भिंतींवरून, दारोदार हिंडून तोंडाने सांगावे लागले. चित्र तिथे अर्थ सांगत नव्हते. कानावर आधीच पडलेल्या नावाची खूण पटवत होते.

आणि नावात घोळ झाला तर? त्यासाठी फार मागे जायला नको. माझे वाई ज्या सातारा लोकसभा मतदारसंघात येते, तिथे २०२४ च्या निवडणुकीत उमेदवार शशिकांत शिंदे यांचे चिन्ह होते तुतारी वाजवणारा माणूस. उदयनराजे भोसले यांनी त्यांचा ३२,७७१ मतांनी पराभव केला. त्याच मतदान यंत्रावर एका अपक्षाचे चिन्ह होते ट्रम्पेट, म्हणजे लोकांच्या तोंडची पिपाणी. त्या अपक्षाला ३७ हजारांवर मते पडली. ट्रम्पेटलाही मराठीत ‘तुतारी’च म्हटले गेले, अशी शिंदे यांच्या पक्षाची तक्रार होती. ती सगळी मते चुकून पडली, असे मी म्हणणार नाही. मतदाराच्या मनात कुणी शिरलेले नाही. पण चित्र स्वयंसिद्ध असते, तर ही तक्रार उद्भवलीच नसती. एकीकडे माणूस आणि त्याच्या हातात वळणदार वाद्य, दुसरीकडे नुसते सरळ वाद्य. डोळ्याला फरक उघड आहे. मतदार मात्र डोळ्यात चित्र घेऊन नव्हे, कानात शब्द घेऊन आत गेला होता.

याच प्रकरणात चिन्हकारासाठी आणखी एक धडा आहे, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. आख्खा माणूस इवल्याशा चौकोनात बसवला की ज्यावरून ओळखायचे ते वाद्यच बारीक होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, निवडणूक आयोगाने तुतारीवाल्या माणसाचे चिन्ह यंत्रावर अधिक ठळक दिसेल असे बदलून दिले. ट्रम्पेट कायम राहिले. चिन्ह कागदावर मोठे काढून जोखू नये. ज्या आकारात वापरायचे त्याच आकारात, शेजारच्या चिन्हांसकट जोखावे.

आता पडद्याकडे. वाईत गंगापुरीत राहणाऱ्या माझ्या आत्याला मी तिच्याच फोनवरचे दातेरी चाक दाखवले. “हे गं काय?” ती म्हणाली, “चरकाचं चाक.” उत्तर अचूक होते. चित्र तिने तत्काळ ओळखले. त्यामागे ‘सेटिंग’ आहे, हे तिला कसे कळावे? अधिकचे चिन्ह तिला दवाखान्याचे वाटले. ‘जतन’साठीची चौकोनी फ्लॉपी तर तिने जन्मात पाहिली नाही, आणि तिच्या नातवानेही नाही. वस्तू ओळखणे वेगळे आणि कृती कळणे वेगळे. समर्थकांच्या युक्तिवादातली सारी गफलत या दोहोंना एक मानण्यात आहे.

निरक्षरांचे काय, असा प्रश्न येईल. रास्त आहे. बंगळुरूत संशोधक इंद्राणी मेधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या अशाच लोकांसाठी अक्षरविरहित पडदे तयार केले. पण तेही नुसत्या चित्रांवर थांबले नाहीत. चित्रांना त्यांनी आवाजाची जोड दिली. म्हणजे शब्द गेला नाही, लिहिलेल्याचा बोललेला झाला. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकासाठी सुझन केअर यांनी ३२ गुणिले ३२ ठिपक्यांत जी चिन्हे घडवली, त्यांचे कौतुक आजही होते. त्या पडद्यावर प्रत्येक फाइलच्या चित्राखाली तिचे नाव होते आणि वरची यादी जवळपास सगळी शब्दांची होती. हे सांगायला मात्र सगळे विसरतात.

‘लोक शिकतात’ हे खरे. कुणाकडून शिकतात? आत्या नातवाकडून शिकते, आणि नातू तिला शब्दच सांगतो. शिवाय एका अ‍ॅपमध्ये बदामाचा अर्थ ‘आवडले’, दुसऱ्यात ‘जपून ठेवा’. शिकलेले पुढच्या अ‍ॅपमध्ये पुसावे लागते.

राहिली जागा. ‘शोधा’, ‘मागे’, ‘जतन’, ‘पाठवा’. यातला कोणता शब्द लांब आहे? अडचण लांबीची नाहीच, उंचीची आहे. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या ओळीत आपली वेलांटी वरून छाटली जाते आणि उकार खालून. मग मराठी ‘बसत नाही’ असा शेरा मारून ती काढून टाकतात. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली ज्या वाईतून संपादित होऊन बाहेर पडला, तिथल्या माणसाने हे निमूट मान्य करावे काय? ओळीला चार ठिपके उंची वाढवून द्या.

आत्याच्या फोनवरच्या दातेरी चाकाखाली आधी तेवढे ‘सेटिंग’ लिहा आणि मग तिला विचारा.