गुर्न्याची मातीची घरं

मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या वर्गातून उठून जाड मातीच्या भिंतींच्या जुन्या घरात गेलं, की फरक अंगालाच कळतो. हा फरक मोजता येतो. पण तेवढ्यावरून चांगलं घर बांधता येतं का? इजिप्तमधले वास्तुरचनाकार हसन फाथी (१९००–१९८९) यांच्या कामातून या प्रश्नाचं उत्तर शोधता येईल.

दुसऱ्या महायुद्धात इजिप्तमध्ये लाकूड आणि लोखंड दुर्मिळ झालं. फाथींनी कच्च्या विटांच्या भिंती उभ्या केल्या, पण छताचं काय? कमान रचायची तर खाली लाकडी साचा लागतो. साच्याशिवाय घातलेली त्यांची छतं कोसळली. उत्तर सापडलं दक्षिणेकडच्या न्युबियन गवंड्यांकडे. ते विटांचा पहिला थर मागच्या भिंतीला टेकवून तिरका रचत. पुढचा थर आधीच्या थरावर रेलायचा. मग साचा हवाच कशाला?

लक्सॉरजवळचं गुर्ना गाव प्राचीन थडग्यांच्या वर वसलेलं होतं. थडग्यांमधल्या चोऱ्या थांबाव्यात म्हणून सरकारने गाव हलवायचं ठरवलं आणि १९४५ मध्ये नव्या गावाचं काम फाथींकडे आलं. त्यांनी जाड भिंती, घुमट, अंगणं, मशीद, शाळा अशी आखणी केली. १९४८ पर्यंत थोडाच भाग बांधून झाला आणि काम थांबलं. बहुतेक गावकरी तिथे राहायला गेलेच नाहीत.

घरंच वाईट होती का? १९६४ च्या मार्चमध्ये कैरोत दोन खोल्या बांधून तापमान मोजलं गेलं. मातीच्या खोलीत चोवीस तासांत जेमतेम दोन अंशांचा फरक पडला. काँक्रीटची खोली दुपारी बाहेरच्या हवेपेक्षाही सुमारे ९ अंशांनी जास्त तापली. जाड भिंत उष्णता साठवते. ती आतपर्यंत पोचायला कित्येक तास लागतात. तेवढ्यात ऊन उतरतं. मात्र इथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यायला हवी. मातीच्या भिंती ५० सेंटिमीटर जाड होत्या, काँक्रीटच्या फक्त १०. म्हणजे सगळं श्रेय नुसत्या मातीला देता येणार नाही. जाडीचाही त्यात मोठा वाटा आहे.

तरीही मातीची खोली राहायला सुखाची होती, यात शंका नाही. मग गुर्नेकर का गेले नाहीत? त्यांची रोजीरोटी जुन्या जागेशी, तिथल्या थडग्यांशी आणि ती बघायला येणाऱ्या प्रवाशांशी बांधलेली होती. शिवाय गाव हलवायचा निर्णय त्यांचा नव्हताच. ऊन, वारा, माती हा घराचा परिसर आहेच. पण माणसाचं पोट जिथे भरतं तोही त्याचाच भाग आहे.

आपल्या गावातल्या दोन घरांत दिवसभर दर तासाला तापमान नोंदवायचा प्रयोग वर्गाला सहज करता येईल. भिंतींची जाडीही मोजावी. आणि तापमापी परत ठेवण्याआधी घरातल्या माणसांना विचारावं, तुम्हाला हे घर का आवडतं, किंवा का आवडत नाही? ती उत्तरंही नोंदवहीत तितक्याच काळजीने लिहावीत.