जिरॅनिऑलचं माहेर पिंपळनेर

हौसेनं आणलेली लॅव्हेंडरची कुंडी जळगाव-धुळ्यात वैशाख कसाबसा काढते. आषाढाच्या ओलीत तिची मुळं कुजतात. माझा आग्रह रोशाचा. डोंगरउतारावरचं हे गवत, कुणी तिखाडीही म्हणतं. पात चुरगाळली की गुलाबाचा वास! याच वासानं एकेकाळी गुलाबाच्या भल्याभल्या गिऱ्हाइकांना गंडवलं.

एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर-नंदुरबारकडे रानातल्या भट्ट्यांवर रोशाचं तेल काढत. ते मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांमार्गे इस्तंबूलला जाई. तिथे त्याचं नाव ‘इद्रिस यागी’. लिंबाच्या रसाच्या पाण्यात घुसळून उन्हात ठेवायचं, उग्रपणा गेला की बल्गेरियाच्या गुलाब-अत्तरात भेसळ करायची. काही महाभाग पाकळ्यांवरच तेल शिंपडून मग अत्तर गाळत. युरोपात या तेलाला ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणू लागले. ते तुर्की नव्हतं आणि जिरेनियमचं तर मुळीच नव्हतं.

खरी गंमत पुढे आहे. १८७१ साली ऑस्कर याकोब्सेन या जर्मन रसायनतज्ज्ञानं ‘भारतीय जिरेनियम तेला’तून, म्हणजे या गवताच्याच तेलातून, गुलाबगंधी द्रव्य वेगळं केलं. त्याला आज जिरॅनिऑल म्हणतात. लेकरू गवताचं, आडनाव जिरेनियमचं! याकोब्सेनकडची बाटली कुठली? निमाड-मेळघाटवालेही हक्क सांगतील, तेल तिकडेही निघे. पण मुंबईच्या निर्यातीमागे मोठा हात खानदेशाचा. माझा कौल पिंपळनेरला.

‘पामरोझा’ या बाजारनावातला रोझा म्हणजे गुलाब, असं सगळे धरून चालतात. वासामुळे ते पटतंही. पण इंग्रज व्यापारी याच तेलाला ‘रूसा’ म्हणत, आणि तो तर उघडच आपला रोशा, आयुर्वेदातला रोहिष. रूसाचा रोझा व्हायला कितीसा वेळ? पुरावा नाही, हट्ट आहे.

शास्त्रीय नाव मात्र लखनौच्या जनरल क्लॉड मार्टिनला वाहिलंय. टिपूविरुद्धच्या मोहिमेत त्यानं पाहिलं, की गुरं हे गवत अधाशासारखी खातात आणि दुधालोण्यालाही त्याचा वास येतो. बी त्यानं जपून ठेवलं, पुढे ते वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या हाती पडलं.

लॅव्हेंडर अगदीच परकं नाही. त्यातलं लिनॅलूल आणि रोशातलं जिरॅनिऑल, दोन्हींत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १८, ऑक्सिजनचा १ अणू. मांडणी तेवढी निराळी. पावसाच्या तोंडाशी रोशाचे ठोंब लावा, पाणी तुंबू देऊ नका, तुरे आले की कापा. आणि मागताना ‘मोतिया’ मागा. ‘सोफिया’ जातीला आल्याचा वास येतो.