गिरणगावची खानावळ आणि उधारीवरचं ताट

१९२३ साली मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने शहरातल्या कामकरी कुटुंबांच्या घरखर्चाचा एक अहवाल छापला. फिंडले शिरास या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झालेल्या त्या पाहणीत कामगाराच्या ताटातलं धान्य अक्षरशः मोजलं होतं. निष्कर्ष सरकारला अडचणीत आणणारा होता. दुष्काळी कामावरच्या मजुराला जास्तीत जास्त जेवढं धान्य द्यावं असं दुष्काळ-संहिता सांगत होती, तेवढं गिरणी कामगाराच्या पोटात जात होतं. पण मुंबई इलाख्यातल्या तुरुंगात कैद्याला ठरवून दिलेल्या शिध्यापेक्षा ते कमी भरत होतं. आणि एवढ्यासाठीसुद्धा घरखर्चातले निम्म्याहून जास्त पैसे पोटावरच जात होते.

कुटुंबवाल्यांची ही कथा. ज्याचं कुटुंब गावीच होतं, त्याचं काय?

आणि असेच गडी जास्त होते. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे बायका होत्या. कोकणातून बोटीने आणि घाटावरून रेल्वेने आलेला माणूस बायकापोरं, म्हातारे आईबाप आणि तुकडाभर जमीन मागे ठेवून यायचा. परळ, लालबाग, डिलाईल रोड, काळाचौकीच्या चाळींत एकेका खोलीत गाववाले दाटीवाटीने राहायचे. पाळी बदलली की झोपणारे बदलायचे, वळकटी तीच. अशा खोलीत चूल पेटवायची कुणी? तिथेच शेजारची एखादी बाई दहा-पंधरा जणांचं जेवण रांधायला लागली आणि खानावळ उभी राहिली. पाटी नाही, परवाना नाही. दहा बाय दहाची खोली, तिच्यातच तिचा संसार आणि भिंतीला लागून ताटांची उतरंड.

ही बाई बहुधा कामगाराचीच बायको असे. नवऱ्याच्या पगारात भागत नाही, नवरा आजारी पडला, दारूत गेला किंवा वारला, अशा कुठल्यातरी वळणावर ती यात पडायची. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांत एक बाई होती. पुढे यांत्रिकीकरण आलं, बायकांना रात्रपाळीची बंदी होतीच, बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाल्यावर मालकांना बायका महाग वाटू लागल्या आणि रिळं भरण्याच्या खात्यांतून त्यांना हळूहळू बाहेर काढलं गेलं. गिरणीचं दार बंद झालेल्यांपुढे चूल हीच उरलेली नोकरी होती.

तिचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. सकाळी सातच्या पाळीचे गडी तोंडात काहीतरी टाकून आणि डबा घेऊन निघणार, म्हणून पहाटे चारलाच परातीत पीठ. दुपारी साडेतीनला पहिली पाळी सुटली की ताटं मांडायची. दुसरी पाळी मध्यरात्री सुटायची, तेव्हा येणाऱ्यांसाठी झाकून ठेवायचं. मधल्या वेळात नळावर नंबर लावणं, रेशनच्या रांगेत उभं राहणं, निवडणं, दळण. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं तेव्हापासून पुढे कैक वर्षं, मिळेल त्या धान्याची भाकरी वळेल कशी हे कसब तिलाच दाखवावं लागलं.

ताटात काय असायचं ते माणसाच्या गावावर ठरे. सातारा-कोल्हापूरकडच्या बाईकडे ज्वारीची भाकरी, पिठलं, मटकीची नाहीतर चवळीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, कांदा. कोकणातलीकडे भात, कुळथाची पिठी, कोकमाचं सार, आणि मासळी महाग झाली की सुकट, जवळा, सुके बोंबील. पगाराच्या आठवड्यात मटण. महिना सरत आला की रस्सा पातळ. सगळं स्वस्तात बसवलेलं, पण आहारशास्त्राच्या कसोटीवर भक्कम. धान्यात लायसिन हे अमायनो आम्ल कमी असतं आणि कडधान्यात भरपूर, त्यामुळे भाकरी-उसळ एकत्र आली की प्रथिनांची उणीव भरून निघते. मोड आणले की क जीवनसत्त्व वाढतं, म्हणजे भाजी परवडली नाही तरी अगदीच हात रिकामे नाहीत. मूठभर जवळा कांद्यावर परतला की बिनदुधाच्या जेवणात कॅल्शियम येतं. यातलं काहीही कुणी पुस्तकात वाचून केलेलं नव्हतं. आठ तास मागावर उभं राहणाऱ्याला पुढच्या भोंग्यापर्यंत भूक लागता कामा नये, एवढा एकच निकष होता, आणि तो फार कडक होता.

आठवणींत या खानावळी फार मायाळू होऊन येतात. माया होतीच, पण पंगत सगळ्यांची एक नव्हती. माणसं आपल्या तालुक्याच्या, आपल्या जातीच्या बाईकडे जेवत. गिरणीतल्या विणकाम खात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, या सबबीवर दलित कामगारांना मागावर घेत नसत. शिवाशिवीचा तोच नियम गिरणीबाहेर ताटाशीही लागू होता.

खरा पेच हिशेबाचा होता. जेवणारा पैसे द्यायचा महिन्याच्या पगाराला, तेही गावी मनीऑर्डर लावून उरले तर. बाईला मात्र तांदूळ, पीठ, तेल, रॉकेल रोज लागायचं. म्हणजे महिनाभर दहा-पंधरा पुरुषांना ती खायला घालायची ते वाण्याच्या उधारीवर, आणि वाणी उधारीचा भाव वेगळा लावायचा. वाण्याने हात आखडला की सावकार, नाहीतर गळ्यातलं मंगळसूत्र. गणपतीला, शिमग्याला माणसं गावी गेली की खाडा धरून तेवढे पैसे कापले जात. खोलीच्या भाड्याला आणि व्याजाला खाडा नव्हता. ताट स्वस्त राहिलं, कारण तिने आपल्या कष्टाची मजुरी त्यात कधी धरलीच नाही.

संपात हे सगळं उघडं पडायचं. १९२८ चा संप सहा महिने चालला, १९७४ चा बेचाळीस दिवस. पगार बंद, पण जेवणारा तोच, आणि त्याला ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणणाऱ्या बायका थोड्याच. युनियनच्या इतिहासात पुढाऱ्यांची भाषणं आहेत, मैदानावरच्या सभा आहेत. संपकऱ्याला जेवू कुणी घातलं, हे त्यात शोधावं लागतं.

गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी ते शोधलं. संपाच्या काळात गहाण पडलेले दागिने आणि सावकाराचे हप्ते त्यांनी पाहिले, आणि १९७५ मध्ये खानावळवाल्या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण होऊन सहा वर्षं झाली होती, गरिबांना ४ टक्के व्याजाने कर्ज द्यायची योजनाही कागदावर होती. पण बँकेत गहाण टाकायला या बायकांकडे काही नव्हतं, आणि बहुतेकींना सहीसुद्धा येत नव्हती. बायकांनी गट करून एकमेकींची हमी घेतली. पहिल्या १४ जणींना बँकेतून प्रत्येकी १,५०० रुपये मिळाले. या रकमेत वाण्याला रोख देता येत होतं. एकदा रोख दिलं की मापही पुरं मिळायचं आणि भावही खरा.

हा पाया जेमतेम बसतोय तोवर १८ जानेवारी १९८२ उजाडला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. हजारो माणसं गावी गेली ती परतली नाहीत, आणि त्यांच्या नावावरची जेवणाची बाकी तशीच राहिली. पुढे गिरण्यांच्या जागी टॉवर आले. मंडळाने आपलं काम केटरिंग आणि प्रशिक्षणाकडे वळवलं. घरगुती खानावळी आटत गेल्या, आणि उभ्याने खायचा वडापाव गरिबाचं जेवण ठरला. पोट भरायला तो पुरतो, पण उसळीची सर त्याला नाही.

स्वस्त ताट आता सरकारचा विषय झालं. १९९५ मध्ये युतीच्या सरकारने एका रुपयात झुणका-भाकर देऊ केली; केंद्रांसाठी दिलेल्या मोक्याच्या जागांवर पुढे भलतेच धंदे सुरू झाले, ते मुंबईकरांनी पाहिलं. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी आली. ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण, आणि किंमत १० रुपये. थाळीचा दर शहरात ५० रुपये धरला होता, म्हणजे ४० रुपये सरकारी तिजोरीतून. मोजून-मापून दिलेल्या या साध्या जेवणाला प्रत्यक्ष किती पैसे पडतात, ते निदान कागदावर तरी आलं. यातली अनेक केंद्रं महिला बचत गट चालवतात. धान्य, गॅस आणि मजुरी आधी त्यांच्या खिशातून जाते, अनुदान मागाहून येतं.