वीस वर्षांनी मिळणारे पारितोषिक

शाळेच्या समारंभात पारितोषिके वाटली जातात ती सरलेल्या एका वर्षाची. ज्याचे नाव पुकारले जाते त्याच्या घरी आनंद होतो. ज्याचे पुकारले जात नाही तो मान खाली घालून घरी जातो. पुस्तकांच्या जगातही हीच रीत आहे. मुलांच्या पुस्तकांसाठी अमेरिकेत १९२२ पासून न्यूबेरी पदक दिले जाते. इंग्लंडमध्ये १९३६ साली कार्नेगी पदक स्थापन झाले. दोन्ही पदके मोठ्या मानाची. परंतु दोन्ही नव्याने प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांनाच मिळतात. मुलांनी ते पुस्तक पुरते वाचलेलेही नसते, तोच त्याचा निवाडा होतो. एकाच वर्षी चार सरस पुस्तके आली तरी पदक एकालाच. मग उरलेल्या तिघांचे काय?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील चिल्ड्रन्स लिटरेचर असोसिएशन या बालसाहित्याच्या अभ्यासकांच्या संस्थेने शोधले. १९८५ सालापासून ही संस्था फिनिक्स पारितोषिक देऊ लागली. त्याचा नियम सोपा, पण विलक्षण आहे. पुस्तक मूळ इंग्रजीत, वीस वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेले असावे आणि त्या वेळी त्याला कोणतेही मोठे पारितोषिक मिळालेले नसावे. वीस वर्षांत दहा वर्षांचा वाचक तिशीचा होतो, स्वतः आई किंवा बाप होतो. इतक्या काळानंतरही जे पुस्तक वाचावेसे वाटते, त्याचा कस काळाने पाहिलेला असतो.

फिनिक्स म्हणजे स्वतःच्या राखेतून पुन्हा जन्म घेणारा कल्पित पक्षी. फारसी साहित्यात त्याच जातीचा पक्षी ककनूस या नावाने येतो. शेख फरीदुद्दीन अत्तार यांच्या ‘मन्तिकुत्तैर’मध्ये त्याची कथा आहे. विस्मरणात जाऊ पाहणारे पुस्तक पुन्हा वर यावे, हा या नावामागील हेतू.

पहिले पारितोषिक मिळाले रोझमेरी सटक्लिफ या इंग्रज लेखिकेच्या ‘द मार्क ऑफ द हॉर्स लॉर्ड’ या १९६५ सालच्या कादंबरीला. रोमन काळातील ब्रिटनमध्ये एक गुलाम योद्धा स्वातंत्र्य मिळवतो, एका टोळीच्या राजपुत्राचे सोंग घेतो आणि शेवटी त्या नावाची जबाबदारी प्राण देऊन निभावतो, अशी ती कथा. लेखिकेची स्वतःची कथाही ऐकण्याजोगी आहे. लहानपणीच सांध्यांचा दुर्धर विकार जडल्याने त्यांचे आयुष्य बव्हंशी चाकांच्या खुर्चीत गेले. जवळजवळ नऊ वर्षांच्या होईपर्यंत त्यांना वाचता येत नव्हते. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. आई मात्र त्यांना मोठ्याने गोष्टी वाचून दाखवीत असे. आठव्या वर्षीच कोणी या मुलीवर ‘मंदबुद्धी’ असा शिक्का मारून मोकळे झाले असते, तर?

१९९५ साली हा मान लॉरेन्स येप यांच्या ‘ड्रॅगनविंग्ज’ला मिळाला. येप हे सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेले चिनी वंशाचे अमेरिकन लेखक. १९०९ साली कॅलिफोर्नियात फुंग जो ग्वे नावाच्या एका चिनी स्थलांतरिताने स्वतः विमान बनवून उडवले होते. त्याच्यावरून येप यांना कादंबरी सुचली. परक्या देशात कष्ट करणारा बाप, चीनमधून त्याच्याकडे आलेला मुलगा आणि दोघांचे उडण्याचे स्वप्न, असे हे पुस्तक १९७५ साली निघाले. आपल्यासारख्या घरातील माणूस पुस्तकात भेटणे मुलाला किती मोलाचे वाटते, हे अशा पुस्तकांवरून कळते.

२००६ साली डायना विन जोन्स यांच्या ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ची निवड झाली. हे पुस्तक १९८६ सालचे. एका शाळेत गेल्या असता एका मुलाने त्यांना ‘चालता किल्ला’ या नावाचे पुस्तक लिहा असे सुचवले, त्यातून ही कथा जन्मली. पुढे २००४ साली जपानचे हायाओ मियाझाकी यांनी तिच्यावर चित्रपट काढला. या लेखिकेच्या बालपणी घरात गोष्टीच्या पुस्तकांचा दुष्काळ होता. वडील तिघी बहिणींना मिळून वर्षाला एकच पुस्तक देत. म्हणून डायना स्वतःच गोष्टी लिहून धाकट्या बहिणींना वाचून दाखवू लागल्या.

पालक बंधुभगिनींनो, या इतिहासातून आपण काय घ्यावे? वर्षाच्या निकालाला महत्त्व आहेच, ते नाकारण्याचे कारण नाही. पण तो निकाल एका वर्षाचा असतो, मुलाच्या आयुष्याचा नव्हे. ज्या मुलाला आज पारितोषिक नाही, त्याच्यासाठी रोज रात्री दहा मिनिटे मोठ्याने वाचणे आपल्या हाती आहे. घरातील जुनी गोष्टीची पुस्तके रद्दीत घालण्यापूर्वी एकदा चाळून पाहावीत.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही एक करा. यंदा वाचलेल्या पुस्तकांपैकी जे सर्वांत आवडले, त्याचे नाव वहीत लिहून ठेवा. वीस वर्षांनी ती वही उघडा. ते पुस्तक तुमच्या मुलांना वाचून दाखवावेसे वाटले, तर त्या पुस्तकाला तुमच्या हातून पारितोषिक मिळालेच म्हणून समजा.